बेरीज एकने चुकते तेव्हा

आमच्या दिवाणखान्यात एक सुरेख छायाचित्र आहे. काशीदची पांढरी वाळू, मावळता सूर्य आणि कुटुंबातील दहा माणसे. पाहुणे कौतुक करतात. मी मात्र मनातल्या मनात माणसे मोजतो आणि बेरीज दरवेळी एकने चुकते. त्यात आई नाही. चाकांची खुर्ची मऊ वाळूत रुतली, सूर्य थांबेना आणि ‘तुम्ही काढून घ्या रे’ असे म्हणून ती सुरूच्या झाडांखाली बसून राहिली. किनारा मी निवडला होता. निवडताना पार्श्वभूमी पाहिली, आईची पावले पाहिली नाहीत. बँकेत आयुष्यभर ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाला ही चूक शोभणारी नव्हती.

गेल्या डिसेंबरात धाकटे चिरंजीव सहकुटुंब बारा दिवसांसाठी परदेशातून आले. आईने सत्त्याऐंशी वर्षे पूर्ण केली होती. सगळे पुन्हा एकत्र केव्हा येतील, हा प्रश्न घरात कोणी उच्चारला नाही. पण तो सर्वांच्या मनात होता. म्हणून या वेळी निवडीची सुरुवात आईपासून केली.

पहिली अट चौविहाराची. सूर्यास्तानंतर आई अन्नच काय, पाणीही घेत नाही. डिसेंबरअखेर अलिबागच्या बाजूला सूर्य सहा वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो. छायाचित्रासाठी सर्वांत चांगला प्रकाश त्याआधीच्या अर्ध्या तासाचा, आणि आईच्या जेवणाचा काळही नेमका तोच. तेव्हा तिचे जेवण आणि सायंकाळची गोळी सव्वापाचपूर्वी व्हावी, मुक्काम किनाऱ्यापासून दहा मिनिटांच्या आत असावा, हे आधी ठरले.

दुसरी अट वाळूची. कोरडी वाळू चाकाला आणि काठीला दाद देत नाही. ओहोटीने नुकतीच मोकळी केलेली ओली वाळू मात्र घट्ट असते. म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास पाणी मागे हटलेले हवे. येथे भिंतीवरचे पंचांग उपयोगी पडले. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज सुमारे ४८ मिनिटांनी उशिरा. तिथीच्या अंकाला ४८ मिनिटांनी गुणले की अदमास मिळतो. अष्टमीचा हिशेब सहा तास चोवीस मिनिटांचा. म्हणजे ऐन सूर्यास्ताला भरती आणि उभे राहायला कोरड्या वाळूची अरुंद पट्टी. त्रयोदशीची भरती साडेदहाच्या आसपास, म्हणून पूर्ण ओहोटी दुपारी साडेचारच्या पुढेमागे. सहा वाजताही घट्ट वाळू पुष्कळ उघडी. चतुर्दशीला आईचा उपवास. त्रयोदशी नक्की झाली. हा अदमासच आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहावेच.

तिसरी अट गर्दीची. अलिबागच्या किल्ल्यासमोर ओहोटीच्या वेळी माणसांची आणि घोडागाड्यांची वर्दळ असते. म्हणून जवळचेच आक्षी निवडले. आदल्या दिवशी मी आणि मोठे चिरंजीव रिकामी खुर्ची घेऊन सुरूच्या बनातून पाण्यापर्यंत जाऊन आलो. कोरड्या वाळूचा टप्पा जेमतेम होता. तेवढ्यापुरत्या दोन फळ्या बरोबर घेतल्या.

छायाचित्रकार तरुण आणि समंजस होता. सूर्याकडे पाठ केली तर फक्त काळ्या आकृत्या येतात, चेहरे हरवतात. सूर्याला सामोरे उभे केले तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले डोळे मिटतात. म्हणून त्याने आम्हांला तिरके उभे केले आणि प्रकाश एका गालावरून येऊ दिला.

खुर्ची वाळूवर आली तेव्हा आईने हात वर करून थांबवले. समोर इवल्या खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी पसरली होती. ‘बिळांवरून नको नेऊ रे, बाजूने घे.’ आम्ही वळसा घेतला. पाच वर्षांची पणती पुढे होऊन बिळे दाखवू लागली आणि पणजीची खुर्ची तिच्या बोटामागून चालली. छायाचित्रकाराने ते न सांगता टिपले.

सूर्य पाण्याला टेकण्यापूर्वी आईने ‘पाणी दे’ म्हटले, दोन घोट घेतले आणि हात जोडून पच्चक्खाण घेतले. ‘आजी, इकडे बघा’ असे छायाचित्रकार म्हणेपर्यंत उशीर झाला होता. त्या छायाचित्रात दहा जण हसत आहेत आणि मधोमध आईचे डोळे मिटलेले आहेत. नंतर डोळे उघडे असलेलीही अनेक निघाली. आम्ही मोठे करून घेतले ते हेच.

वाचकहो, असा बेत करणार असाल तर किनारा सुंदर आहे की नाही, हे शेवटी विचारा. कोकणचे बहुतेक किनारे सुंदरच आहेत. आधी विचारा की, घरातील ज्या व्यक्तीला तेथवर पोहोचणे सर्वांत अवघड आहे, ती कशी पोहोचेल. तिची जेवणाची वेळ, तिची वाट, तिची बसण्याची जागा ठरली की बाकीचे आपोआप ठरते.

काशीदचे छायाचित्र मी काढून टाकलेले नाही. त्याच्या शेजारी आक्षीचे लावले आहे. त्यात समुद्र थोडाच दिसतो, सूर्य ढगाआड अर्धा गेला आहे. पण माणसे अकरा आहेत.