उंदराच्या नावाने पावती फाडू नका!

गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये एका मित्राने मला रील दाखवलं. मागे धडधडणारं म्युझिक, समोर पिळदार दंडांचा एक ज्ञानी बाबा. म्हणणं एवढंच की, पुरुषाचा मेंदू एका बाईवर थांबायला बनलेलाच नाही. डोपामिन त्याला सतत नव्याच्या मागे पळवतं आणि हे म्हणे 'उंदरांवर सिद्ध झालंय'. मित्राचं नुकतंच ब्रेकअप झालं होतं. (चूक कोणाची होती ते लिहिणार नाही, पण त्याचीच होती.) "बघ, सायन्स आहे हे," तो म्हणाला.

मास कॉमला पहिल्याच वर्षी शिकवतात की, मूळ सोर्स बघा. म्हटलं, बघूया.

प्रयोग खरा आहे. १९९७ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी नर उंदरांच्या मेंदूतल्या 'न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स' या भागातलं डोपामिन मोजलं. आडोशापलीकडे मादी आणून ठेवली, तेव्हाच ते ४४ टक्क्यांनी वाढलं. संबंधाच्या वेळी ही वाढ ९५ टक्क्यांवर गेली. नराचं मन भरलं तशी पातळी पूर्ववत झाली. मग नवी मादी आणली आणि डोपामिन पुन्हा थोडं चढलं. याला 'कूलिज इफेक्ट' म्हणतात. रील इथे संपतं.

पण गोष्ट इथे संपत नाही ना! मादी नुसती पलीकडे असताना, काहीही घडलेलं नसताना डोपामिन वाढलं, ही त्यातली खरी गंमत आहे. म्हणजे हे रसायन सुखापेक्षा ओढीचं जास्त आहे. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हे फार छान दाखवलं. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं होतं, ते समोर अन्न असूनही खायला उठेनात. पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच मजेत ओठ चाटायचे. आवड शाबूत, हवंसं वाटणं गायब. आपण मात्र डोपामिनला 'हॅपी हार्मोन' म्हणत बसलोय.

आता रीलवाल्या बाबांनी गाळलेला भाग. माद्या!

प्रयोगशाळेत उंदीर-उंदरीण एकाच पिंजऱ्यात असले की वेग नर ठरवतो. काही संशोधकांनी पिंजऱ्यात मध्ये पार्टिशन घातलं आणि त्याला लहान भोकं ठेवली. त्यातून मादी सहज जाऊ शकते, अंगाने मोठा असलेला नर अडकतो. आता कधी जवळ जायचं, कधी निघून यायचं, हे तिच्या हातात आलं. १९९५ मध्ये मर्मेलस्टाइन आणि बेकर यांना दिसलं की, ज्या माद्यांना असा स्वतःचा वेग ठरवता आला, त्यांच्या मेंदूत डोपामिन लक्षणीय वाढलं. ज्यांना ठरवता आलं नाही, त्यांच्यात तितकं नाही. पुढे १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या पारेदेस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. स्वतःच्या मर्जीने संबंध आलेली जागा माद्यांना आवडायला लागते. मर्जी नसेल तर त्या जागेची ओढ तयारच होत नाही. क्रिया तीच, नर तसेच, फरक फक्त तिला निघून जाता येतं की नाही एवढाच.

हे मी वाचलं आणि दोन मिनिटं स्क्रोल करायचं थांबले. याचं रील कोणी का नाही बनवलं?

आणि हो, नव्या जोडीदाराची ओढ फक्त नरांची मक्तेदारी नाही. हॅमस्टरच्या माद्यांमध्येही कूलिज इफेक्ट दिसलाय. उलट, प्रेअरी व्होल नावाचा अमेरिकेतला उंदरासारखा प्राणी जोडी करून राहतो आणि ती जोडी जुळवण्यातही डोपामिनच लागतं. एकच रसायन, एकाला भटकवतं, दुसऱ्याला बांधून ठेवतं. मग 'डोपामिनने करायला लावलं' याला अर्थ काय उरला?

डोपामिनचा माणसाशी संबंधच नाही, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पार्किन्सनच्या काही औषधांनी डोपामिनचं काम वाढतं आणि काही पेशंट्सची लैंगिक इच्छा आवरेनाशी होते, हे डॉक्टरांना माहीत आहे. तो आजारावरच्या औषधाचा साइड इफेक्ट आहे. माझ्या मित्राला असला काही आजार नाही. त्याने दुसरीला मेसेज केला, तो डिलीट केला आणि विचारल्यावर खोटं बोलला. यातलं एकही काम उंदराला जमत नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. "अगं, तू फारच सीरियस घेतेस," म्हणाला. रात्री त्याला माद्यांवरच्या त्या दोन्ही पेपरच्या लिंक पाठवल्या. ब्लू टिक आल्यात. उत्तर अजून नाही.