गुडघा माझा, माप कुणाचं?

बरेच दिवस इकडे फिरकले नाही. पुण्याच्या धाकट्या वन्संनी परवा फोनवर विचारलंच, "काय वहिनी, गुडघ्यांनी अंथरूण धरायला लावलं की काय?" नाही हो! रोज सकाळी सायकल चालवते आहे. आणि उरलेल्या वेळात भांडते आहे. घरच्यांशी, सायकलवाल्यांशी आणि मुख्य म्हणजे 'स्टँडर्ड' या शब्दाशी.

झालं असं, की मागच्या दिवाळीत चिरंजीवांनी मला बॅटरीवर चालणारी माउंटन बाइक घेऊन दिली. जाड टायर, पुढे शॉकॲब्सॉर्बर, मागच्या चाकात मोटर. पॅडल फिरवायला लागलं की मोटर मागून हळूच ढकलते, लहानपणी सायकल शिकवताना दादा सीट धरून ढकलायचा ना, तशी. सत्तरी ओलांडलेल्या बाईला माउंटन बाइक कशाला, असं सोसायटीत बरेच जण हसले. हसू द्या. सोमेश्वरपासून गंगापूर धरणाकडे मला जायला आवडतं आणि आतले कच्चे रस्ते असतात कसे ते नाशिककरांना सांगायला नको. हे गेल्यापासून सकाळचा तो तासच काय तो माझा स्वतःचा उरला आहे.

दोन महिन्यांत गुडघे बोलू लागले. वाटीच्या मागे, अगदी पुढच्या बाजूला. डॉक्टरांनी फोटो काढला, झीज दाखवली आणि म्हणाले, "या वयात सायकल कशाला? वॉक करा." घरचे तर वाटच बघत होते. सायकल विकायची ठरली. गिऱ्हाईक बघायला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं, तो सायकली दुरुस्त करतो. शाळेत माझ्याकडून व्याकरणासाठी भरपूर बोलणी खाल्लेला मुलगा. तो म्हणाला, "बाई, एक चक्कर मारून दाखवा बघू." मी पार्किंगमध्ये फिरले. त्याने बघितलं आणि म्हणाला, "बाई, पॅडल वर आलं की तुमचा गुडघा पोटात शिरतोय! सायकल विकू नका. क्रँक बदलू."

क्रँक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मधल्या ॲक्सलपासून पॅडलपर्यंत जो दांडा जातो तो. डावा एक, उजवा एक. इतकी वर्षं सायकल चालवली, पण तो दांडा वेगवेगळ्या लांबीचा मिळतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या सायकलच्या दांड्यावर आतल्या बाजूला १७० असा आकडा कोरलेला होता. मिलिमीटर.

आता थोडं गणित. मी मराठी-इतिहासाची बाई, पण भागाकार येतो. माझी उंची चार फूट अकरा इंच. भिंतीला टेकून, पायांत पुस्तक धरून शिवणकामाच्या टेपने मोजलं तर आतून पायाची लांबी ६८ सेंटिमीटर. म्हणजे क्रँक माझ्या पायाच्या बरोबर चौथा हिस्सा. सहा फुटी माणसाचा पाय साधारण ८६ सेंटिमीटर धरा. तोच १७० चा दांडा त्याच्या पायाच्या जेमतेम पाचवा हिस्सा होतो. त्यालाही माझ्यासारखा चौथा हिस्सा द्यायचा तर त्याला २१५ मिलिमीटरचा क्रँक लावावा लागेल. ज्या दुकानदाराने मला "काकू, स्टँडर्ड साइज आहे, सगळ्यांना चालते" असं सांगितलं तो चांगला धिप्पाड आहे. त्याने २१५ चा क्रँक लावून धरणापर्यंत जाऊन यावं, मग आपण 'सगळ्यांना' या शब्दाचा अर्थ बघू.

दुसरं असं बघा. १७० चा क्रँक म्हणजे पाऊल दर फेरीला ३४ सेंटिमीटर वर उचलायचं. आपल्या जिन्याच्या साधारण दोन पायऱ्या एकदम! मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर तासाला एकेका गुडघ्याने ३,६०० वेळा दोन-दोन पायऱ्या चढायच्या. हे मी बिनतक्रार करत होते आणि दोष देत होते वयाला.

शाळेत चौथीच्या वर्गात दहावीचे बाक ठेवले आणि मुलांचे पाय लोंबकळले, तर आपण मुलांना डॉक्टरकडे नेतो का?

यावर सगळ्यात जास्त ऐकलेलं उत्तर म्हणजे, "अहो, मोटर आहे ना! मग क्रँकने काय फरक पडतो?" हे उत्तर मला चिरंजीवांनी दिलं, दुकानदाराने दिलं आणि इंजिनीअर असलेल्या भाच्यानेही दिलं. तिघांचंही चुकतं. मोटर जोर कमी करते, गुडघ्याची घडी कमी करत नाही. पाऊल तेवढंच वर येणार, गुडघा तेवढाच दुमडणार. उलट माझ्या सायकलची मोटर पॅडल फिरतंय की नाही एवढंच बघते, किती जोराने दाबलं ते बघत नाही. त्यामुळे आपण हलक्या पायाने भराभर फेऱ्या मारत राहतो, म्हणजे दुमडणं वाढतं!

आणि खरी गंमत पुढेच आहे. लांब दांड्याची बाजू घेणारे काय सांगतात? तरफ. दांडा लांब तर जोर कमी लागतो. खरं आहे. जात्याचा खुंटा मध्याजवळ न ठोकता कडेला का ठोकतात, ते आमच्या आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. १७० ऐवजी १५२ चा क्रँक लावला तर त्याच गिअरमध्ये पॅडलवर साधारण १२ टक्के जास्त जोर द्यावा लागतो. साध्या सायकलवर त्यासाठी एक गिअर हलका घ्यायचा. पण इथे तर तो जोर द्यायला मोटर बसलेलीच आहे! आखूड क्रँकचा जो एकमेव म्हणावा असा तोटा, तो भरून काढायची सोय ज्या सायकलमध्ये जन्मतःच आहे, तिलाच नेमका लांब दांडा लावून पाठवतात. याला आळस म्हणायचं नाही तर काय?

(ज्या महागड्या सायकलींची मोटर पायाचा दाब मोजते, त्यांत आखूड क्रँकमुळे मदत थोडी कमी मिळते. तिथे मदतीची पायरी एकाने वाढवायची. एक बटण.)

बरं, ही काही म्हाताऱ्या बाईची कुरकुर नाही. जेम्स मार्टिन आणि वनीन स्पिरडूसो या अमेरिकी संशोधकांनी २००१ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंत पाच लांबीचे क्रँक लावून त्यांनी तयार सायकलपटूंची जास्तीत जास्त ताकद मोजली. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट क्रँकमधला फरक निघाला जेमतेम ४ टक्के. आणि १४५ चा क्रँक १७० च्या बरोबरीने उभा राहिला. २०२४ साली टूर द फ्रान्स जिंकणारा पोगाचार १६५ चा क्रँक वापरत होता, त्याची उंची सुमारे १७६ सेंटिमीटर. जगज्जेत्याला १६५ पुरतो आणि नाशिकच्या चार फूट अकरा इंची बाईला १७० हवा!

आमच्या गड्याने लहान मुलांच्या मोठ्या सायकलींना येतो तो १५२ चा क्रँक आणला. पुलर लावून जुना ओढून काढला. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. चेनव्हीलचे दात जुन्याइतकेच आहेत ना, चेन सरळ रेषेत बसते ना, हे त्याने दोनदा तपासलं. एवढं करून मोटर चालूच होईना! पार्किंगमध्ये बघ्यांची गर्दी, जो तो सल्ला देणार. शेवटी सापडलं. ॲक्सलवर लोहचुंबकांची एक चकती असते, तिच्यावरून मोटरला पॅडल फिरल्याचं कळतं. ती परत घालताना उलटी बसली होती, त्यामुळे बिचारीला वाटत होतं मी पॅडल मागे फिरवते आहे. पंधरा मिनिटांत सरळ झाली.

मग सीट १८ मिलिमीटर वर घेतली. हे विसरायचं नाही. क्रँक आखूड झाला की पाऊल खाली तेवढं कमी जातं, म्हणून सीट तेवढी वर. आणि वरच्या टोकाला पाऊलही तेवढंच खाली राहतं. म्हणजे १८ चा बदल करून गुडघ्याला ३६ मिलिमीटर मोकळीक मिळते. दीड इंचाला थोडं कमी. "सीट खाली घ्या, बरं वाटेल" असा सल्ला मला आधी जो मिळाला होता तो किती उफराटा होता ते आता कळलं. सीट खाली घेतली की गुडघा आणखीच दुमडतो.

पहिले दोन दिवस तिचाकी चालवल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी विसरले. आता चार महिने झाले. जिना चढताना गुडघा अजून दुखतो, झीज काही भरून येत नाही आणि मी डॉक्टर नाही. पण सायकलवर दुखत नाही. शिवाय कच्च्या रस्त्यावर पॅडल दगडाला घासायचं ते जवळजवळ थांबलं, कारण पॅडल जमिनीपासून तेवढंच वर राहतं. चढाला मदतीची एक पायरी वाढवावी लागते, बॅटरी थोडी लवकर उतरते. उतरू दे.

आता रागाचं सांगते. आमची १९७० च्या दशकातली लेडीज सायकल अजून गॅलरीत आहे. परवा क्रँक मोजला तर १६५! म्हणजे साडीसाठी आडवी दांडी काढली, मागे जाळी लावली, पुढे बास्केट दिलं आणि झाली ती लेडीज. पायाच्या लांबीचा विचार कुणाच्या डोक्यात आला नसावा. आम्ही तर त्याआधी वडिलांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलेल्या मुली. सायकल आपल्या मापाची असते हेच माहीत नव्हतं, सायकलच्या मापाचं आपण व्हायचं असतं.

पण तो काळ गेला ना? नाशिक आता सायकलवाल्यांचं शहर म्हणवतं. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या माना ताठ झाल्या. इथून पंढरपूरला सायकलवारी निघते, तिच्यात माझ्या वयाच्या बायका असतात. अशा गावात पाच दुकानांत मी विचारलं, आखूड क्रँक आहे का? दोघांना प्रश्न कळला नाही. एकाने "वॉरंटी जाईल" म्हणून घाबरवलं. एक म्हणाला, "आजी, तुम्ही लहान मुलांची सायकल घ्या." पाचव्याने निदान खरं सांगितलं, वेगवेगळी मापं ठेवणं परवडत नाही.

चपलेच्या दुकानात कुणी मला नऊ नंबर पुढे करून "स्टँडर्ड आहे, चालून चालून सवय होईल" असं म्हणालं तर मी तिथून उठेन. चष्म्याच्या दुकानात तर बोलूच नका. मग हजारो रुपयांच्या सायकलवर आपण गप्प का बसतो? कारण गुडघा दुखला की दोष गुडघ्याचा, वयाचा, बाईमाणसाचा. सायकलचा कधीच नाही. निदान विकताना दोन लांबीचे क्रँक ठेवा, आणि घेणाऱ्याचा पाय एकदा मोजा. टेप लागते, वीस रुपयांची. बदलायचा खर्च मला मजुरी धरून दोन हजारांच्या आत आला. त्याआधी गोळ्या, मलम आणि फोटो यांवर याहून जास्त गेले होते.

उंच लोकांनी रागावू नये. तुमचा १७० तुम्हाला लखलाभ.

नात यंदा सातवीत गेली. तिला शिकवणीला जायला सायकल घ्यायची आहे, रविवारी आम्ही दोघी दुकानात जाणार आहोत. चिरंजीव म्हणतात, "आई, तिथे भांडू नकोस हं." काढून ठेवलेला १७० चा दांडा आणि शिवणकामाची टेप मी पिशवीत टाकून ठेवली आहे.