एक्क्यांची जोडी आणि समोरचे नऊ जण

वाईट पत्ते घेऊन हरलेला माणूस गप्प बसतो. चांगले पत्ते घेऊन हरलेला रात्रभर बोलत राहतो. ‘एवढे पत्ते आले होते हो, पण...’ हे गाऱ्हाणे गणपतीच्या जागरणात चहाबरोबर विरून जाते. पैशाच्या डावावर मात्र ते महाग पडते, कारण आपल्यावर अन्याय झाला असे वाटणारा पुढचा डाव रागाने खेळतो. हा अन्याय बहुधा झालेलाच नसतो, असे माझे म्हणणे आहे, आणि पोकरमध्ये ते आकड्यांनी दाखवता येते.

पोकरचा आज जगभर चालणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर पाच उघडे पडतात, आधी तीन, मग एकेक. ते सर्वांचे सामाईक. या सातांतून ज्याचे पाच सरस, त्याचा डाव. अधूनमधून बोली लागते. झेपत नसेल त्याने पत्ते टाकावेत. सुरुवातीच्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी सर्वांत श्रेष्ठ. ती सरासरीने 221 डावांत एकदा येते.

समोर एकच गडी असेल, त्याला कोणतेही दोन पत्ते आले असतील आणि डाव शेवटपर्यंत गेला, तर एक्के शंभरात 85 वेळा जिंकतात. समोर दोघे असले तर 73 वेळा, तिघे असले तर 64. पाच जण झाले की 49; आणि नऊ जण बसले तर अवघ्या 31 वेळा! एक्के तेच आहेत, समोरचा कोणी बलवान झालेला नाही. फक्त माणसे वाढली. नऊ जण एकेकटे दुबळेच. पण कुणाच्या दोन जोड्या जमतात, कुणाचे पाच पत्ते ओळीने लागतात, आणि एक्क्यांना हरवायला त्यांतला कोणीही एक पुरतो. बँकेत याचे नवल वाटत नाही. प्रत्येक कर्जदार भला असला तरी यादी लांबली की कुणीतरी बुडणार, हे धरूनच तरतूद करतात. जुगारी तरतूद करत नाही, नशिबाला शिव्या देतो.

हिशेबाला दुसरी बाजूही आहे. दहा जणांनी शंभर-शंभर रुपये टाकले तर हजारांतले सरासरी 310 एक्केवाल्याचे. समोर एकटाच असेल तर दोनशेतले 170. म्हणजे गर्दीत हरायचे जास्त वेळा, पण सरासरी कमाई मोठी. मग गर्दी बरीच की! कागदावर बरी. कागदावर सगळे एकदाच पैसे टाकून स्वस्थ बसतात. टेबलावर बोली पुढे चालूच राहते. ज्याचे जमले तो चढवत जातो, ज्याचे फसले तो उठून जातो. एक्केवाला जिंकतो तेव्हा थोडे मिळवतो आणि हरतो तेव्हा भरभरून देतो. म्हणून जाणता खेळाडू पहिल्याच फेरीत बोली भरपूर वाढवतो. गंमत म्हणून पाच पत्ते पाहायला थांबणाऱ्यांना ती गंमत महाग करून ठेवतो. नवखा मात्र हातातले धन लपवून सगळ्यांना स्वस्तात आत घेतो. स्वस्तात आत आलेले काय करू शकतात? डॉयल ब्रन्सन याने 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोन वर्षे लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती होती दश्शी आणि दुर्री!

आणखी एक गोष्ट याहून अवघड आहे. तीन पत्ते उघडले, दोघे जण ईर्ष्येने बोली चढवू लागले, तर आपले एक्के म्हणजे नुसती एक जोडी, हे ओळखून ते टाकून देणे. इतकी वाट पाहून आलेली लक्ष्मी अशी टाकवत नाही. पोकरमधले खरे कौशल्य मला इथे दिसते, आणि ते फार थोड्यांपाशी असते.

कौशल्य की नशीब, हा वाद आपल्या न्यायालयांना जुना आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली म्हटले. 2025 साली संसदेने मात्र तो भेद बाजूला ठेवून पैशाच्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मला त्याचे दुःख झाले नाही. मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर निदान पत्ते पिसायला वेळ लागतो, समोरची तोंडे दिसतात. फोनवर रागावलेल्या माणसाचा पुढचा डाव बोटाच्या अंतरावर असतो.

घरी मुले असतील तर एखाद्या रविवारी पैसे न लावता हे करून पाहा. कॅटमधून दोन एक्के काढून एका जागी उघडे ठेवा. उरलेले पत्ते पिसून आणखी नऊ जागी दोन-दोन मांडा, मध्ये पाच उघडा. एक्के जिंकले तर या वाटीत एक चिंचोका, हरले तर त्या वाटीत. शंभर डाव होईपर्यंत दुपार जाईल. पहिल्या वाटीत कधी 25 निघतील, कधी 37. पण दुसरी वाटी बहुतेक आधी भरेल, आणि एक्क्यांची बाजू घेतलेले पोर दहाव्या डावालाच पत्ते नीट पिसले नाहीत म्हणून भांडू लागेल.