दुर्मिळ लेन्सची खरेदी आणि निगा

छायाचित्रणाचा छंद घरांत एकदां शिरला म्हणजे तो पहिल्या कॅमेऱ्यावर थांबत नाहीं. कांहीं वर्षांनीं घरांतील तरुण एखाद्या उत्पादन बंद झालेल्या टेलिफोटो लेन्सची गोष्ट काढतो, आणि किंमत ऐकून वडील मंडळी थक्क होतात. अशा वेळीं नुसता होकार किंवा नुसता नकार न देतां वस्तूची पारख करणें हिताचें.

उदाहरणादाखल कॅनन कंपनीची २०० मिलिमीटर, एफ १.८ ही लेन्स घेऊं. ती १९८८ सालीं निघाली. २०० ला १.८ नें भागिलें असतां सुमारें १११ येतात. तितके मिलिमीटर व्यासाचें तिचें प्रकाशद्वार आहे. म्हणूनच बंदिस्त क्रीडागृहांतील अपुऱ्या उजेडांतहि ती चपळ हालचाल स्पष्ट टिपते. आणि म्हणूनच तिचें वजन तीन किलोंच्या घरांत आहे. पुढें तिचें उत्पादन थांबलें. २००८ सालीं तिच्या जागीं आलेली नवी लेन्स हाताचा कंप सांवरते खरी, परंतु तिचें द्वार एफ २ चें, म्हणजे किंचित् लहान आहे. जुनीला मागणी राहिली ती यामुळेंच.

परंतु घेणाऱ्यानें कीर्तीवर भुलूं नये. या लेन्सचें फोकसचें कडें भिंगांशीं थेट जोडलेलें नाहीं. तें आंतील विजेच्या मोटारीस केवळ इशारा देतें. मोटार निकामी झाली, कीं हातानेंहि फोकस करितां येत नाहीं, आणि कंपनीकडून सुटे भाग मिळण्याचे दिवस आतां सरले आहेत. तेव्हां कांचेच्याहि आधीं मोटारीची परीक्षा करावी. लेन्स कॅमेऱ्यास लावून जवळच्या वस्तूपासून दूरच्या क्षितिजापर्यंत पुनःपुन्हां फोकस करावा. मोटार अडखळल्यास सौदा तेथेंच सोडावा. नंतर विजेरीचा तिरपा झोत टाकून आंत पाहावें. थोडी धूळ चित्रास बाधत नाहीं. परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी समजावी.

बुरशी नुसती पुसून टाकण्याजोगी नसते. तिच्यांतून स्रवणारें आम्ल भिंगावरील लेप आणि अखेर कांचहि खातें. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यांत हा धोका विशेष. लेन्स चामड्याच्या पिशवींत बंद ठेवूं नये, कारण चामडें ओल धरतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी, व तिचा रंग पालटतांच ती तापवून पुन्हां कोरडी करावी. डब्यांत आर्द्रतामापक ठेवून कांटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावा. कपड्यांच्या कपाटांत, डांबराच्या गोळ्यांशेजारीं, लेन्स कदापि ठेवूं नये. धूळ प्रथम रबरी फुंकणीनें उडवावी. कोरड्या धुळीवर फडकें फिरविल्यास ओरखडे पडतात. उचलतांना कॅमेऱ्यास न धरतां लेन्सच्या स्वतःच्या पायास धरावें, नाहीं तर सारा भार जोडावर येतो.

सर्वांत उत्तम निगा म्हणजे वापर. उजेड, वारा आणि मोटारीस हालचाल मिळत राहिली, कीं लेन्स अधिक टिकते. म्हणून वडिलांनीं चिरंजीवांस किंमत विचारण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, “महिन्यांतून किती दिवस ती डब्याबाहेर निघेल?” उत्तर समाधानकारक असेल, मोटार धडधाकट असेल आणि ती पुढें कधीं बंद पडल्यास होणारें नुकसान घरास सोसवणार असेल, तरच पैसे मोजावे.