घोडा रंगीत, साज साधा!

काही बाबतींत सल्ला मागावा लागत नाही, तो आपण होऊन चालत येतो. सर्दी झाली की येतो. सावळ्या मुलीने कोणत्या रंगाची साडी नेसावी, याबद्दल तर ती मुलगी जन्मल्यापासून येतो. इंग्लंडात तीन महिने राहून आल्यावर माझ्या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे : अबलख घोड्याला प्रदर्शनात कोणता साज चढवावा!

तिकडे काळ्या-पांढऱ्या घोड्याला पायबाल्ड म्हणतात. काळा सोडून दुसरा कोणताही रंग पांढऱ्यात मिसळला की तो स्क्यूबाल्ड. आणि दोघांना मिळून नाव काय? तर ‘कलर्ड’, म्हणजे रंगीत. बाकीचे घोडे जणू पारदर्शकच असतात!

माझ्या पुतणीकडे असा एक तपकिरी-पांढरा कॉब आहे. कॉब म्हणजे आखूड पायांचा, भरल्या अंगाचा, कुणाच्याही लग्नात पंगतीला वाढायला उभा राहणाऱ्या मामासारखा घोडा. आता तुम्ही म्हणाल, तुमचा घोड्यांशी संबंध काय? संबंध वरातीपुरताच. पण त्या दिवशी वर मी बसलो होतो आणि सारा गाव घोड्याच्या झुलीकडे बघत होता. साज जास्त झाला की मूळ ऐवज कसा झाकला जातो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

प्रदर्शन जवळ आलं तशी तबेल्यातली तज्ज्ञ मंडळी जमली. एक बाई म्हणाल्या, रंगीत घोड्याला रंगीतच हवं. कपाळपट्टी जांभळ्या मखमलीची घ्या, खोगिराखाली पांढरीशुभ्र गादी घाला. दुसऱ्या म्हणाल्या, छे! पायाचे झुबके कापा, आयाळीच्या वेण्या घाला, म्हणजे तो खानदानी दिसेल. पुतणी मला म्हणाली, “काका, तुम्हीच सांगा आता!” मी सांगितलं. इथेही तेच सांगतो.

पहिल्या बाईंचं म्हणणं घ्या. अहो, ज्याच्या अंगावर जन्मतःच नकाशा काढलेला आहे, त्याला वरून आणखी रंग कशाला? खोगिराखाली पांढरी गादी घातली, की लांबून तो अंगावरचा आणखी एक पट्टाच वाटतो आणि पाठ कुठे संपली ते कळेनासं होतं. गादी हवीच असेल तर खोगिराच्याच रंगाची आणि खोगिराच्याच आकाराची घ्यावी. खोगीर सरळ कापाचं असावं, म्हणजे खांदा झाकला जात नाही. कॉबचं डोकं दणकट, त्याला रुंद आणि सपाट नाकपट्टी शोभते. नाजूक पट्टी बांधली तर पैलवानाला नथ घातल्यासारखं दिसतं. कपाळपट्टी साध्या चामड्याची. मखमल शोभते ती हॅक नावाच्या सडपातळ घोड्यांना. बाकी सगळी खोगीरभरती!

आता दुसऱ्या बाई. वेण्यांना माझा विरोध नाही. शिकारी घोड्याच्या बांध्याच्या अबलखाला त्या हव्यातच. त्याची आयाळ अर्धी काळी, अर्धी पांढरी असेल, तर काळ्या वेणीला काळा दोरा आणि पांढरीला पांढरा, असे दोन सुई-दोरे घेऊन शिंप्यासारखं बसावं लागतं, बसावं खुशाल. पण पायावर झुबके असलेला पारंपरिक कॉब हा जिप्सींनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला घोडा. जूनमध्ये ॲपलबीच्या जत्रेत हे लोक ईडन नदीत आपले घोडे धुतात, तेव्हा ते झुबके म्हणजे त्यांची मिशी असते मिशी! झुबके आणि लांब आयाळ राखणं हाच त्या घोड्याचा रिंगणातला रिवाज आहे. वेण्या घालून त्याला लॉर्डाचा भाचा करायला जाणं म्हणजे आजोबांनी नाव विचारलं तर आडनाव बदलून सांगणं.

आणि माझा खरा राग इथेच आहे. अबलखाला इंग्लंडात पुष्कळ काळ हलकं मानलं गेलं. तो जिप्सींच्या गाडीला चालत असे. राजाच्या घोडदळात चांदीचे नगारे वाहायलाही चालत असे. पण घरंदाज घोड्यांच्या पंगतीला त्याला पाट नसे. वेल्श पोनीच्या वंशावळीच्या वहीत अबलखाला आजही जागा नाही. म्हणूनच त्याच्या चाहत्यांनी त्याच्यासाठी वेगळे वर्ग सुरू केले. आता त्या रिंगणात रंग ही फक्त दारावरची चिठ्ठी. आत गेल्यावर परीक्षकाने बघायचं ते बांधा, चाल आणि स्वभाव. अशा ठिकाणी त्याला सर्कशीसारखं नटवणारा म्हणतो, ‘याच्याजवळ रंगाशिवाय काही नाही.’ आणि त्याला कापून-विंचरून दुसराच कुणी करणारा म्हणतो, ‘हा जसा आहे तसा दाखवायची मला लाज वाटते.’ दोघेही स्वतःला अश्वप्रेमी समजतात!

साधेपणा म्हणजे गबाळेपणा मात्र नव्हे. चामडं तोंड दिसेल इतकं पुसलेलं हवं. खरारा रोज हवा. पांढऱ्या भागासाठी तिकडे जांभळट शाम्पू मिळतो. आपल्या आजीची नीळच ती, फक्त बाटलीत भरून भारी किमतीला विकलेली. स्वारानेही ट्वीडचा कोट, फिकट ब्रीचेस, टाय, हातमोजे आणि हनुवटीखाली पट्टा असलेली टोपी एवढ्यावर थांबावं. परीक्षकाला तुमचा टाय आठवला आणि घोडा आठवला नाही, तर बक्षीस टायला द्यावं लागेल.

यावर कुणी म्हणेल, घोड्याच्या साजाचं एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायला हवं. घोडा असो की घरातली मुलगी, जिच्या रंगाबद्दल चार लोक कुजबुजतात तिच्यावर आपण एक तर दागिने लादतो, नाही तर पावडर थापतो. ती आहे तशी ताठ मानेने चारचौघांत उभी राहावी, हे आपल्याला सुचतच नाही.

तेव्हा रंगीत घोड्याला कोणता रंग शोभेल, असं तुम्हाला कुणी विचारलं तर बेलाशक सांगा : त्याचा स्वतःचा. बाकी सगळं तपकिरी चामडं, आणि तेही नीट पुसलेलं!