स्थानपोथी हातात घेऊन

युरोपातील शहरे पायी पाहण्याची एक रीत आता आपल्याकडेही परिचयाची झाली आहे. वाटाड्या करायचा नाही, बसमध्ये बसायचे नाही. पुस्तक आणि नकाशा घेऊन आपल्या गतीने हिंडायचे. या रीतीला शिस्त लावणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकातील प्रकाशक कार्ल बेडेकर अग्रणी होता (आडनाव ओळखीचे वाटले तरी गृहस्थ जर्मन). भाडोत्री वाटाड्यांच्या तावडीतून प्रवाशाला सोडवावे, हा त्याच्या प्रवासपुस्तकांचा उघड हेतू होता. पुढे वाङ्मयाच्या वाचकांनी ही रीत उचलली आणि प्रवासपुस्तकाच्या जागी कादंबरी आली.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण डब्लिनचे. जॉइसच्या 'युलिसिस'मधील सारा व्यवहार 16 जून 1904 या एका दिवसात घडतो, आणि त्या तारखेला तिथे आजही वाचक लिओपोल्ड ब्लूमच्या वाटेने चालतात. 1954 साली काही लेखकमंडळींनी ही यात्रा प्रथम काढली; ती घोडागाड्यांतून निघाली आणि अर्ध्या वाटेवर एका मद्यालयात संपली. पुढे 1988 मध्ये रस्त्यांच्या फरसबंदीत कादंबरीतील वाक्यांच्या चौदा पितळी पाट्या बसवण्यात आल्या. ब्लूमचे घर, 7 एकल्स स्ट्रीट, मात्र 1967 साली पाडले गेले. त्याचा दरवाजा तेवढा वाचला. तरीही चालणारे थांबले नाहीत. वास्तू गेली तरी वाट पुस्तकात शाबूत होती. कारण ती लिहिणाऱ्याने जिवापाड सांभाळली होती. पॅरिसमध्ये बसलेल्या जॉइसने 1921 साली आपल्या मावशीला पत्र लिहून विचारले होते की, त्या घराच्या कठड्यावरून एखाद्या सामान्य माणसाला खाली उतरता येईल काय?

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे सारे वर्गात सांगावे लागते. डब्लिनचे रस्ते, डिकन्सचे लंडन, वर्डस्वर्थची सरोवरे यांचे नकाशे फळ्यावर निघतात. त्यातून एक समजूत नकळत रुजते: साहित्य घडते ते दुसरीकडे, आपल्याकडे ते फक्त अभ्यासक्रमात लागते. ही समजूत आम्हाला घातक वाटते. तिच्यावरचा उपाय डब्लिनचे अनुकरण हा नव्हे. डब्लिनने जे केले ते मराठीत फार पूर्वी होऊन गेले आहे, याचे स्मरण ठेवणे हा आहे.

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना 'लीळाचरित्र' ठाऊक असते. त्याच्या मागोमाग 'स्थानपोथी'चे नाव एका ओळीत येते आणि जाते. चौदाव्या शतकातील मानली जाणारी ही पोथी म्हणजे चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, राहिले, बसले, त्या जागांची नोंद आहे. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, आसन कुठे, वसती कुठे, हे ती नेमकेपणाने सांगते. स्वामींच्या मागे राहिलेल्यांना स्मरण करावयाचे होते, आणि स्मरणाला जागा लागते, हे त्यांना उमगले होते. आम्ही ती प्राचीन गद्याचा नमुना म्हणून वाचतो. मूळची ती हाती धरून चालण्याची पोथी आहे. आमच्या शेजारच्या भडगाव तालुक्यातले कनाशी हे महानुभावांचे क्षेत्र. तिथे भाविक जातात, पण साहित्याचे विद्यार्थी त्या वाटेला क्वचितच जातात. वारीचेही तेच. मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला पायी जाते. मुखी अभंग आणि पायी वाट, अशी संहिता व चालणे यांची सांगड ज्या जिल्ह्यात दरवर्षी दिसते, तेथे 'साहित्यिक पदयात्रा' ही परदेशी कल्पना ठरू नये.

म्हणून आमची सूचना साधी आहे. थंडीतला एक दिवस काढावा. पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीने माहेजी, म्हसावद, शिरसोली मागे टाकीत जळगाव गाठावे. जुन्या जळगावातून पायी निघून आसोदे आणि तिथून भादली करावे. संध्याकाळी भादलीला थांबणारी परतीची गाडी आधीच पाहून ठेवावी. सोबत दोन पुस्तके: 'बहिणाबाईंची गाणी' आणि बालकवींची समग्र कविता. वाटाड्या नको, भाषण नको, सत्कार तर मुळीच नको.

ही वाट स्थळ आणि कविता यांच्यातले तीन वेगळे संबंध शिकवते, हे तिचे खरे मोल. पहिला संबंध बहिणाबाईंचा. आसोदे त्यांचे माहेर, जळगाव सासर. त्यांच्या एका गाण्यात माहेरच्या वाटेवर ठेच लागते, तेव्हा वाटेतला दगडच बोलू लागतो आणि लेकीला सांभाळून जायला सांगतो. डब्लिनच्या पितळी पाट्यांचे काम इथे दगडाने, तेही कवितेच्या आतच, करून ठेवले आहे. इथे वाट हा कवितेचा विषयही आहे आणि तिचा ठेकाही. हे गाणे बाकावर बसून वाचणे आणि त्या दोन गावांमधल्या रस्त्यावर म्हणणे, यांत फरक पडतो की नाही, हे ज्याने त्याने पाहावे.

दुसरा संबंध 'औदुंबर'चा. ती कविता कोणत्या गावची, तो झरा कुठला, याचा शोध घेत हिंडणे व्यर्थ आहे. तिथे स्थळ कवितेत विरघळून गेले आहे आणि कोणत्याही नकाशावर ते पुन्हा गोठवता येणार नाही. भादलीच्या वाटेवर शेताच्या कडेला बसून ती वाचावी ती याच जाणिवेने.

तिसरा संबंध भादलीचा, आणि तो सर्वांत अवघड. धरणगावी 1890 साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले. वय अवघे सत्तावीस. इथे स्थळ आहे, पण त्याची कविता नाही. रुळांकडे पाहून 'आनंदी आनंद गडे'शी या मृत्यूची सांगड घालण्याचा मोह होतो. तो आवरणे हेच इथले शिक्षण. चरित्र म्हणजे कवितेचे भाष्य नव्हे, हे वाक्य आम्ही वर्गात शेकडो वेळा उच्चारतो. भादलीच्या फलाटावर ते आपोआप कळावे.

आणखी एक गोष्ट ही वाट दाखवते. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरले आणि तिथे ठोमऱ्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. त्या वेळी बहिणाबाई त्याच गावात संसार करीत होत्या. एका गावात एक कविता व्यासपीठावर गौरवली जात होती, आणि दुसरीची कोणाला खबरही नव्हती. ती ग्रंथरूप झाली 1952 साली, बहिणाबाईंच्या निधनानंतर. मराठी काव्याच्या इतिहासात या दोघांची प्रकरणे दूरदूर पडतात. पायी चालताना ती शेजारशेजारची निघतात.

यावर आक्षेप येईल की, हिंडण्याची ही चैन आहे. बहिणाबाई चालल्या त्या हौसेने नव्हे. आक्षेप खरा आहे. युरोपीय शहरातला भटक्या रिकामा असतो, बहुधा पुरुष असतो, आणि त्याला कोणी हटकत नाही. सासरच्या कामातून सवड मिळाल्यावर माहेरी निघालेली बाई ही या भटक्याची बहीण नव्हे. पण म्हणूनच विद्यार्थिनींनी ही वाट चालावी असे आम्हाला वाटते. चालण्याला कोणाकोणाची परवानगी लागत होती आणि अजून लागते, हा प्रश्न मग टीपेत राहत नाही. शिवाय, पाठ्यपुस्तकात बहिणाबाईंच्या शब्दांना खाली अर्थ द्यावे लागतात. आसोद्याच्या ओट्यावर ते द्यावे लागणार नाहीत. लेवा बोली घरात बोलणारी, पण वर्गात गप्प राहणारी मुलगी त्या दिवशी प्राध्यापकांना अर्थ सांगेल. अधिकाराची ही उलटापालट एका दिवसापुरती झाली तरी पुष्कळ.

आपल्याकडे कवीचे नाव निघाले की स्मारकाची मागणी निघते: पुतळा, कमान, सभागृह. विद्यापीठाला 2018 साली बहिणाबाईंचे नाव मिळाले, याचा आनंद आम्हालाही आहे. परंतु स्मारक हे वाचकाला उभे करते, चालवत नाही. हार घातला की काम संपते. 7 एकल्स स्ट्रीटवर घर नसूनही वाचक जातात, आणि आपल्याकडे वास्तू असूनही वाट ओस पडते, याचे कारण निधीत नाही, वाचनाच्या सवयीत आहे. स्थानपोथीच्या कर्त्याने कमान बांधली नव्हती. त्याने दिशा लिहून ठेवल्या आणि पुढच्यांनी चालावे असा विश्वास धरला. तेवढा विश्वास आमच्या विद्यार्थ्यांवर आम्हाला ठेवता यावा. सहलीची बस एक वर्ष रद्द करून पाहायला काय हरकत आहे?