न धावता घातलेला सदरा

वस्त्रे लज्जारक्षणासाठी आणि थंडीवाऱ्यापासून बचावासाठी असतात, असे आपण म्हणतो खरे. परंतु माणसाने वस्त्रांना त्याहून पुष्कळ अधिक काम लावून ठेवले आहे. वकिलाचा काळा डगला, परिचारिकेचा पांढरा वेश, बालवीराच्या बाहीवरील गुणचिन्हे ही सारी न बोलता काही सांगत असतात. वाटेने जाणारा मनुष्य वकिलाजवळ सनद मागत नाही की बालवीराची परीक्षा घेत बसत नाही. तो डोळ्यांनी पाहतो आणि विश्वास ठेवतो. समाजातील कितीतरी व्यवहार या विश्वासावर चालतात, आणि ते चालतात म्हणूनच त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही.

अलीकडच्या काळात या बोलक्या वस्त्रांत एका साध्या सदऱ्याची भर पडली आहे. लांब पल्ल्याच्या शर्यती आता आपल्याकडेही पुष्कळ होतात. मुंबईत २००४ साली मॅरेथॉन सुरू झाली. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटातून धावण्याची शर्यत भरते, तिला जाणारे तुमच्या ओळखीतही कोणी असतील. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. पायी चालत जायचे म्हटले तरी दिवस मोडावा एवढे ते आहे. अंतिम रेषा ओलांडणाऱ्याच्या गळ्यात पदक घालतात, आणि कित्येक शर्यतींत त्याला एक टी-शर्टही देतात. त्यावर शर्यतीचे नाव, वर्ष आणि 'फिनिशर', म्हणजे शर्यत पुरी करणारा, हा शब्द छापलेला असतो. पदक दुसऱ्या दिवशी पेटीत जाते. सदरा मात्र वर्षानुवर्षे बाजारात, बसमध्ये, मैदानावर मिरवता येतो. आता प्रश्न असा, की जो धावलाच नाही त्याने हा सदरा घालावा की घालू नये?

हा प्रश्न ऐकून पुष्कळ जण हसतील. 'कापड ते कापड, त्यात एवढे काय?' असे ते म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. आपल्या घरांत चांगला सदरा कोणी टाकून देत नाही. तो मोठ्या भावाकडून धाकट्याकडे जातो, त्यालाही अपुरा पडला की कुणा गरजूच्या मुलाकडे जातो, आणि शेवटी सायकल पुसण्याचे फडके होऊन आपली सेवा पुरी करतो. जुन्या कपड्यांच्या बाजारातून स्वस्तात मिळाला म्हणून एखाद्या मजुराने तो अंगात घातला, तर त्याने कोणता अपराध केला? त्याला त्यावरील अक्षरे वाचताही येत नसतील. उघड्या अंगावर वस्त्र येणे ही गोष्ट कोणत्याही शर्यतीपेक्षा मोठी आहे, आणि त्याला अडवून 'तू धावलास काय?' असे विचारणारा मनुष्य मला तरी उद्धट वाटेल.

तेव्हा दोष कापडात नाही. तो उत्पन्न होतो दुसऱ्या क्षणी. सदरा पाहून कोणी कौतुकाने थांबतो आणि म्हणतो, 'अरे वा! तुम्ही बेचाळीस किलोमीटर धावलात?' या वेळी 'छे, हा माझ्या दादाचा आहे', असे हसून सांगितले तर गोष्ट तेथेच संपली. उलट दादाचे चार गुण गाण्याची संधी मिळाली. पण सदरा घालणारा नुसता मंद हसला आणि गप्प राहिला, तर त्याने तोंडातून एक शब्दही न काढता असत्य सांगितले. त्या सदऱ्यावरील अक्षरे त्याच्या वतीने बोलली आणि त्याने त्यांना बोलू दिले.

'मग बोलली तर कोणाचे काय गेले?' असे तुम्ही विचाराल. बहुतेक वेळा गेलेले दिसत नाही, हीच या गोष्टीतील खरी अडचण आहे. कधीकधी मात्र ते स्पष्ट दिसते. अमेरिकेतील बोस्टन शहरात १८९७ पासून मॅरेथॉन होत आहे. १९८० साली एप्रिल महिन्यात तेथे रोझी रुईझ नावाची स्त्री स्त्रियांमध्ये सर्वांच्या आधी अंतिम रेषेवर पोचली. तिच्या मस्तकावर विजयमाला चढविण्यात आली, छायाचित्रे निघाली, टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु जाणत्यांना शंका आली. एवढे अंतर धावून आलेल्या माणसाची जी अवस्था होते ती तिच्या ठिकाणी दिसत नव्हती, आणि वाटेतील तपासनिसांनी तिला पाहिलेले नव्हते. शेवटच्या टप्प्यात ती गर्दीतून रस्त्यावर आली असे सांगणारे साक्षीदारही पुढे आले. आठ दिवसांनी तिचे यश रद्द झाले. खरी विजेती होती कॅनडाची जॅकलिन गॅरो. तिने २ तास ३४ मिनिटे आणि २८ सेकंदांत अंतर तोडले होते. बोस्टनमध्ये तोपर्यंत कोणतीही स्त्री इतक्या वेगाने धावली नव्हती. तिला पुढे समारंभपूर्वक पदक देण्यात आले हे खरे. पण ज्या क्षणी तो अफाट जनसमुदाय विजेतीचे स्वागत करीत होता, तो क्षण तिला कोण परत देणार? टाळ्या पेटीत ठेवून आठ दिवसांनी काढता येत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेतील एक प्रकरण याहून चमत्कारिक आहे. तेथे डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांमध्ये कॉम्रेड्स मॅरेथॉन नावाची शर्यत होते. तिचा आरंभ १९२१ साली झाला. अंतर सुमारे ९० किलोमीटर. पहिल्या दहा पुरुषांना तेथे सुवर्णपदक मिळते. १९९९ साली नवव्या क्रमांकाने आलेल्या धावपटूविषयी तक्रार झाली, म्हणून वाटेतील छायाचित्रे तपासण्यात आली. तेव्हा असे दिसले, की एका चित्रात त्याचे घड्याळ एका मनगटावर आहे आणि दुसऱ्या चित्रात दुसऱ्या! हुबेहूब दिसणारे दोघे भाऊ वाटेतील शौचालयात शिरून कपडे आणि क्रमांक बदलीत होते; एक धावे तेव्हा दुसरा विसावा घेई. सदरा एकच, पण त्याच्या आत माणसे दोन. ही युक्ती वाचून हसू येते. परंतु त्या दिवशी जो अकरावा आला त्याचे सुवर्णपदक याच युक्तीने हिरावून घेतले होते, आणि तो बिचारा सबंध वाट आपल्याच दोन पायांनी धावला होता.

या दोन्ही उदाहरणांत उघड लबाडी आहे, आणि लबाडी वाईट हे सांगावयास निबंध कशाला हवा? अवघड प्रश्न निराळा आहे. नियमाने वस्त्र आपले झाले, पण मन म्हणते की ते आपण मिळविलेले नाही. अशा वेळी काय करावे?

फ्रान्समध्ये दरवर्षी सायकलींची मोठी शर्यत होते. ती तीन आठवडे चालते, आणि एकूण वेळेत जो आघाडीवर असेल तो दुसऱ्या दिवशी पिवळा सदरा घालून निघतो. ही प्रथा १९१९ पासूनची आहे. १९७१ साली स्पेनचा लुईस ओकान्या सात मिनिटांहून अधिक आघाडीवर होता. त्याच्या मागे होता बेल्जियमचा एडी मर्क्स, त्या काळचा सर्वांत बलाढ्य सायकलपटू. पिरेनीज पर्वताच्या एका घाटात वादळी पाऊस कोसळला, उतारावर चिखलपाण्याचे लोट वाहू लागले, आणि ओकान्या एका वळणावर पडला. तो उठतो न उठतो तोच मागून येणारा दुसरा एक जण त्याच्यावर आदळला. ओकान्याला रुग्णालयात हलवावे लागले. आघाडी आपोआप मर्क्सकडे आली. पिवळा सदरा नियमाने त्याचा झाला. दुसऱ्या दिवशी मर्क्सने तो घातला नाही. आपण ज्याला हरविले नाही त्याचा सदरा आपण कसा घालावा, असा त्याचा भाव होता.

ओकान्यावर आदळलेला तो सायकलपटू म्हणजे हॉलंडचा योप झूटमेल्क. नऊ वर्षांनी, १९८० साली, त्याच शर्यतीत त्याच्यावरही तसाच प्रसंग आला. आघाडीवर असलेल्या बर्नार इनोला गुडघ्याच्या दुखण्यामुळे शर्यत सोडावी लागली आणि पिवळा सदरा झूटमेल्ककडे आला. त्यानेही पहिल्या दिवशी तो अंगात घातला नाही. पुढे मर्क्स काय किंवा झूटमेल्क काय, दोघांनीही आपापल्या वर्षी शर्यत जिंकली आणि तोच सदरा घालून ते पॅरिसला पोचले. मला यात औचित्य दिसते. एक दिवस तो न घालणे हा पडलेल्या प्रतिस्पर्ध्याचा मान होता. तो अखेरपर्यंत नाकारला असता, तर आपल्या विनयाचेच प्रदर्शन मांडल्यासारखे झाले असते.

आपल्याकडील शर्यतींत घोटाळा होतो तो बहुधा एका साध्या कारणाने. कित्येक ठिकाणी नाव नोंदविल्याबरोबर, शर्यतीच्या आदल्या दिवशीच सदरा हातात पडतो. मग ज्याला पहाटे जाग आली नाही त्याच्याजवळही तो असतो, आणि जो रक्ताळलेल्या तळव्यांनी शेवटपर्यंत गेला त्याच्याजवळही. अशा सदऱ्यावर केवळ शर्यतीचे नाव असेल तर तो दोघांनीही घालावा. 'मी नाव दिले होते' एवढेच तो सांगतो. पुष्कळ जुने धावपटू मात्र तोही शर्यत संपेपर्यंत अंगाला लावीत नाहीत. बोस्टनला दरवर्षी निघणारे खास जाकीट दुकानात आधीच विकत मिळते, परंतु धावण्यापूर्वी ते घालणे अशुभ असे तेथील कित्येकांना वाटते. अशुभाचे मी काही सांगू शकत नाही. पण रांधण्यापूर्वी ढेकर देऊ नये, हे आपल्या आजीलाही पटले असते. 'फिनिशर' असा शब्द छापलेला सदरा आयोजकांनी अंतिम रेषेपलीकडेच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी देऊन मोह उत्पन्न करावा आणि मग धावणाऱ्याकडून संयमाची अपेक्षा करावी, हे न्यायाचे नाही.

आणि जो पस्तीस किलोमीटर धावून पाय आखडल्यामुळे थांबला, त्याचे काय? कॉम्रेड्स शर्यतीत बारा तासांची मर्यादा आहे. वेळ संपली की एक अधिकारी अंतिम रेषेवर, येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून, बंदुकीचा बार काढतो. कोणाची आशा नेमकी कोणत्या पावलावर मोडली, हे त्याला दिसू नये म्हणून ही पाठ. बार होताच वाट बंद होते. तेव्हा रेषेपासून चार पावलांवर असलेल्या माणसाला पदक मिळत नाही, मग तो ९० किलोमीटर का धावलेला असेना. हे कठोर आहे. पण रेषा चार पावले मागे सरकविली तर तिच्याही मागे चार पावलांवर कोणीतरी असणारच. 'पुरी केली' असे सांगणारा सदरा त्याने घालू नये, असेच मी म्हणेन. मात्र कोणी विचारले तर 'मी चार पावलांवर होतो, आणि बंदूक वाजली', असे त्याला सांगता येईल, आणि ते ऐकावयास लोक पदक पाहण्यापेक्षा अधिक वेळ थांबतील.

शर्यतीच्या दिवशी आणखी एका प्रकारचा सदरा दिसतो. रस्त्याच्या कडेला पहाटेपासून उभे राहून पाण्याचे पेले पुढे करणारी, फेकलेले पेले गोळा करणारी, थकलेल्यांना धीर देणारी मुले असतात. त्यांच्या पाठीवर 'स्वयंसेवक' असे छापलेले असते. ती एक पाऊलही शर्यत धावलेली नसतात, आणि घरी येऊन बहुधा तो सदरा घडी करून ठेवतात. शाळेत गणवेश असतो म्हणून तेथे त्याचा उपयोग नाही. पण संध्याकाळी मैदानावर खेळावयास जाताना त्यांनी तो खुशाल घालावा.